देव्हाऱ्यातला स्पेनचा राजा

कान्हे गावी आमच्या घरच्या देव्हाऱ्यात चांदीचे तीन टाक होते: खंडोबा, भवानी आणि वीर. वीर म्हणजे आमच्या घराण्यातला लढाईवर गेलेला आणि परत न आलेला कुणीतरी. बाकीचे दोन टाक पत्र्यासारखे पातळ. वीर मात्र गोल, जाडजूड, रुपयापेक्षा मोठा. एका बाजूला नाकेला चेहरा, दुसऱ्या बाजूला दोन खांब. ते त्याच्या देवळाचे, असं आई सांगायची. कडेची अक्षरं कुणालाच वाचता येत नव्हती, आणि ती वाचायची असतात असं कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

घट बसायच्या आदल्या दिवशी आई देव घासायला बसे. चिंचेचा कोळ, चुलीतली राख आणि तिचा अंगठा. वीराच्या चेहऱ्यावरून तो अंगठा जरा हळूच फिरायचा. "लय लांब गेला बिचारा. हितं तरी निवांत ऱ्हाऊ दे," असं काहीतरी ती पुटपुटायची.

पुढे मी लोणावळा स्टेशनात तिकीटबाबू झालो आणि मला शिंगं फुटली. तिथल्या एका बंगल्यात एक निवृत्त प्रोफेसर राहायचे. त्यांना जुन्या नाण्यांचा भारी नाद. त्यांच्या एका पुस्तकातल्या चित्रात मला आमचा वीर दिसला, तोच नाकेला चेहरा, तेच खांब. दुसऱ्याच दिवशी मी टाक नेऊन दाखवला. ते स्पेनच्या कुठल्याशा राजाचं नाणं निघालं. हे पुण्याच्या संग्रहालयात हवं, असं प्रोफेसर म्हणाले आणि माझी छाती फुगली. वडील गेले होते. घरात शब्द माझाच चाले.

घरी येऊन स्टेशनातल्या शुद्ध भाषेत मी आईला हसत हसत सांगितलं, "अगं, हा परमुलखातला राजा आहे. आपला कोणी नाही."

ती म्हणाली, "मंग येवढी वर्सं म्या पानी कुनाला घातलं?"

मी पुन्हा हसलो. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

मी टाक संग्रहालयाला द्यायला निघालो, तेव्हा तिने अडवलं नाही. नव्या खणाच्या तुकड्यात चार तांदूळ घालून टाक माझ्या हातावर ठेवला आणि देव्हाऱ्यात त्याच्या जागी सुपारी मांडली. तो विषय घरात पुन्हा निघाला नाही.

बऱ्याच वर्षांनी, महायुद्ध संपत आलं होतं तेव्हा, डोळे दाखवायला मी तिला पुण्याला नेलं. दवाखान्यातून निघताना ती म्हणाली, "वीराला बघून येऊ." संग्रहालयात काचेच्या पेटीत तो होता. खालची चिठ्ठी मी वाचून दाखवली: स्पेन, चांदी, चेहरा वापराने झिजलेला.

"वापरलं कुनी? म्या घासलाय त्यो," आई म्हणाली. काचेला नाक लावून तिने बराच वेळ पाहिलं. "काळा पडलाय की रं."

तिने पदराची गाठ सोडली. आत चिंचेचा गोळा होता. घरून निघतानाच बांधून आणला होता तिने. पहारेकरी पुढे आला आणि काच उघडत नाही म्हणाला. आईने तो गोळा त्याच्याच हातावर ठेवला.

"मंग तुमी तरी घासा, भाऊ. घट बसायच्या आदी."

तो माझ्याकडे बघत राहिला. टाक आणून दिला होता मीच.