आईचे दात आणि माझं एक वाक्य

आज सकाळी आईला चहाचा घोट घेता येईना. तोंड उघडून बघितलं तर हिरड्या पांढऱ्याफटक पडलेल्या. चार दिवस झाले, दात पांढरे करायचं जेल ऑनलाइन मागवून ती गुपचूप लावत होती. पंधरा मिनिटं ठेवायचं, तर ही दोन-दोन तास ठेवायची.

तशीच मुकुंदवाडीत दातांच्या डॉक्टरांकडं नेली.

"हिरड्या भाजल्यात, भरून येतील," ते म्हणाले. "पण मावशी, तुमचे दात चांगले आहेत. हे डाग लहानपणी प्यायलेल्या बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराइडचे, असल्या जेलनं जात नाहीत. पांढरे करायचेच असतील तर आधी तपासावं लागतं, हिरड्या झाकाव्या लागतात. कुणी सांगितलं लावायला?"

"कुणी नाय. मीच," आई म्हणाली. माझ्याकडं तिनं बघितलंसुद्धा नाही.

मागच्या आठवड्यात माझ्या साखरपुड्याचे फोटो बघताना मीच म्हणाले होते, "आई, लग्नात तेवढं तोंड मिटून हस."

दवाखान्यातून आल्यापासून मी येरझाऱ्या घालतेय. आई आत कोमट वरण-भात खातेय. दोनदा दारापर्यंत जाऊन परत फिरले.

तुम्ही कधी आईची माफी मागितलीय का? पहिलं वाक्य काय बोललात?