जाळीच्या डबीत काय आहे?

भंडाऱ्यात कोणी भांडं ठोकून पाहिल्याशिवाय घेत नाही. पितळेची घागर असो की स्टीलची वाटी, गिऱ्हाईक आधी टिचकी मारतं, कानाशी धरतं, आणि मग माझ्या तोंडाकडे बघून विचारतं, "असलीच आहे ना?" तीस वर्षं भांड्याच्या दुकानात बसल्यावर मला एवढं कळलंय की संशय भांड्याचा नसतो, दुकानदाराचा असतो. असे किस्से आठवड्याला एखादा तरी जमतोच. मी ते लिहून ठेवत नाही. विसरलो तरी गिऱ्हाईक पुन्हा येऊन आठवण करून देतं.

पण गेल्या तीन-चार वर्षांत एका एवढ्याशा वस्तूने जितके किस्से दिले, तितके बाकी सगळ्या दुकानाने मिळून दिले नाहीत. झालं असं, की साकोलीकडच्या बायकांच्या गटांनी गवती चहा, तुळस, शेवग्याची पानं, अंबाडीची लाल फुलं वाळवून त्यांची पाकिटं विकायला काढली. हा दूध-साखरेचा चहा नव्हे. गरम पाण्यात पाच-सात मिनिटं ठेवायचा आणि प्यायचा. फक्त तो इतका बारीक कुटलेला असतो की आपल्या गाळणीतून सरळ खाली उतरतो आणि शेवटचा घोट चावून खावा लागतो. म्हणून लोक इन्फ्युझर मागू लागले. आमच्याकडे त्याला 'जाळीची डबी' म्हणतात. डबीत पत्ती भरायची, झाकण लावायचं, साखळीने कपात सोडायची. बस, एवढंच.

*

पहिलं खोकं आलं तेव्हा माझ्या वहिनींनी ते विकायला बाहेर काढूच दिलं नाही. वहिनी म्हणजे मोठ्या भावाची बायको. दुपारनंतर काउंटर त्याच सांभाळतात. स्वतः वापरून पाहिल्याशिवाय त्या साधी चाळणीसुद्धा विकत नाहीत.

त्यांनी एक डबी काठोकाठ भरली, अंगठ्याने दाबली, झाकण लावलं आणि कपात सोडली. दोन मिनिटांत पानं फुगली, कडी निसटली आणि सगळा पाला वर तरंगू लागला. वहिनी म्हणाल्या, माल खराब आहे, परत पाठवा.

मी दुसरी डबी अर्धी भरून बुडवली. ती उघडली नाही आणि चहाही स्वच्छ उतरला. पानांना भिजल्यावर हातपाय पसरायला जागा लागते, इतकं साधं कारण. दुसऱ्या दिवसापासून वहिनी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगू लागल्या, "अर्धीच भराल."

तिसऱ्याच दिवशी एका बाईने डबी हातात फिरवून फिरवून पाहिली आणि विचारलं, "अर्धीच भराची हाये, तं एवढी मोठी बनवली कायले?"



*

जवाहरनगरला राहणारे निखाडे साहेब सगळी नोकरी तपासणी खात्यात करून निवृत्त झाले. डॉक्टरांनी दुधाचा चहा बंद केला म्हणून ते डबी घ्यायला आले. येताना खिशात भिंग, कोरा पांढरा कागद आणि आपल्या घरच्या चहाची पुडी घेऊन आले.

दुकानात अकरा डब्या होत्या. साहेबांनी अकराही उजेडात नेल्या. प्रत्येकीत चिमूटभर पत्ती टाकायची, कागदावर धरायची, बोटाने तीनदा ठोकायची आणि खाली काय पडलं ते भिंगातून बघायचं. पत्र्याला भोकं पाडलेल्या गोल डब्यांतून पिठासारखी भुकटी पडली. त्या बाद. काहींची जाळी विणलेली होती, पण झाकण घट्ट बसत नव्हतं. त्याही बाद. एकीच्या कडेला पत्ती अडकून बसली, ही धुताना त्रास देणार म्हणून तीही बाद. खरं सांगतो, डबी कशी निवडायची ते मी त्या दिवशी शिकलो. दोन तास मी दुसरं गिऱ्हाईक पाहिलंच नाही.

शेवटी एकच उरली. रुंद तोंडाची, बारीक विणीची, खोलगट. कागदावर एक कण पडला नाही. मी ती पिशवीत घालायला घेतली, तर साहेबांनी माझा हात धरला.

"राहू द्या," ते म्हणाले. "हिच्यात काहीच दोष सापडला नाही. म्हणूनच संशय येऊन राहिला."

आणि गेले.

*

आमचं गाव पितळेचं. म्हणून नागपूरच्या एका माणसाला डबी पितळेचीच हवी होती. त्याला तिच्यात अंबाडीच्या फुलांचा चहा करायचा होता. मी त्याला पितळेची भांडी घडवणाऱ्या गणपतरावांकडे नेलं. गणपतरावांचा हात चाळीस वर्षांचा. ते म्हणाले, बनवून देतो, पण आतून कल्हई करावी लागेल, अंबाडी आंबट असते.

त्या माणसाला वाटलं, म्हातारा काम वाढवतोय. पितळ तर आरोग्याला चांगलं असतं, असं त्याने वाचलं होतं. गणपतरावांनी वाद घातला नाही. बिनकल्हईच्या पितळी वाटीत अंबाडीचा गरम चहा ओतला, वर ताटली ठेवली आणि त्याला म्हणाले, बाजारात फिरून या.

संध्याकाळी आम्ही परत गेलो. ताटली काढली. वाटीला कडेने हिरवट रेघ आली होती आणि वास असा, की मीच एक पाऊल मागे सरलो.

गणपतरावांनी वाटी त्याच्यापुढे सरकवली. "घ्या, प्या."

तो माणूस माझ्या दुकानातून स्टीलची डबी घेऊन गेला. घेताना ती त्याने दोनदा हुंगली.

*

एक शिक्षिका बाई डबी परत घेऊन आल्या. म्हणाल्या, स्टील म्हणून गंज लागणारं लोखंड दिलं. डबी खरोखरच काळी-तपकिरी झाली होती. वहिनींनी जाळी बोटाने खरवडली आणि विचारलं, रोज धुता का? बाई म्हणाल्या, रोज झटकते. वहिनी काय समजायचं ते समजल्या.

आम्ही गरम पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा टाकून डबी त्यात ठेवली. तोवर बाईंना वहिनींनी खुर्ची दिली. अर्ध्या तासाने जुन्या टूथब्रशने आतून बाहेर, मग बाहेरून आत घासली, नळाखाली धरली आणि कोरड्या फडक्याने पुसली. गंजबिंज काही नव्हता, चहाचा डाग होता. डबी नव्यासारखी चमकू लागली. मी ऐटीत बाईंच्या हातात दिली.

बाईंनी ती उलटसुलट करून पाहिली. "ही माझी नाही. तुम्ही बदलली."

मी म्हटलं, बाई, तुमच्या समोर धुतली. त्या म्हणाल्या, नळ मागच्या बाजूला आहे. मग मला आठवलं, विकताना मी तिच्या कडेवर मशिनने त्यांचं नाव टाकलं होतं. आपल्याकडे भांड्यावर नाव टाकतातच. मी बोट ठेवून नाव दाखवलं.

बाईंनी चष्मा लावला. बराच वेळ नाव पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"अक्षर तर तुमचंच आहे," त्या म्हणाल्या.

*

शेवग्याच्या पानांची भुकटी मात्र कुठल्याच जाळीत राहत नाही. यावर उपाय मोहाडीकडच्या एका विणकराने काढला. मागावरचं उरलेलं बारीक सुती कापड घेऊन त्याने बोटभर पिशव्या शिवल्या, वर दोरी ओवली आणि डझनभर घेऊन दुकानात आला. पिशवीत पत्ती घालायची, दोरी ओढायची, काम झालं की उलटी करून धुवायची आणि उन्हात वाळवायची. साबण लावायचा नाही, नाहीतर चहाला साबणाचा वास येतो.

वहिनींनी पिशवी नाकाशी धरली. कापडाला खळ असेल, रंग असेल, कोणाला काय माहीत. त्यांनी त्याच्या देखत पिशवी पाण्यात उकळली. पाणी गढूळ झालं. वहिनी म्हणाल्या, पाहा.

खळ आहे, पहिल्यांदा निघणारच, दोनदा उकळा, असं विणकराने सांगितलं. वहिनींनी पुन्हा उकळली, तिसऱ्यांदाही उकळली. तिसऱ्यांदा पाणी अगदी नितळ राहिलं. तेव्हा तो म्हणाला, "वहिनी, माई पिशवी तीनदा उकळली. तुमच्या स्टीलले कोनी एकदा तरी उकळून पाहिलं का?"

वहिनींना राग आला. त्यांनी खोक्यातली कोरी करकरीत डबी काढली आणि त्याच भांड्यात टाकली. पाण्यावर हळूहळू काळपट तेलाचा तवंग आला. मशीनवरच्या पॉलिशचा असावा.

वहिनींनी गॅस बंद केला आणि डझनभर पिशव्या ठेवून घेतल्या.

*

नाकाडोंगरीकडून एक आजी आल्या होत्या. तुमसरला बस बदलून, एकट्या. वहिनी आत गेल्या तेव्हा त्यांनी पदराची गाठ सोडून एक गोल डबी काढली आणि हळूच विचारलं, ही उघडते कशी?

मी उघडून दाखवली. मग त्यांनी जे सांगितलं ते असं. मुलगा खाणीत कामाला, दिवसभर घरी त्या आणि सून दोघीच. लग्नाला वर्ष झालं होतं. आजींना साखरेचा त्रास निघाला, तेव्हापासून सून त्यांना रोज सकाळी या डबीचा चहा करून देते. चव रोज वेगळी लागते. डबी बंद असते. आत काय आहे ते दिसत नाही. शेजारच्या कोणीतरी त्यांच्या मनात सुनेविषयी काहीबाही भरवलं होतं, हे त्यांनी सांगितलं नाही, पण मला कळलं.

"तसं काई नसन," त्या म्हणाल्या. "पर दिसाले पायजे."

माझ्याकडे काचेची एक डबी होती, नळीसारखी, आरपार दिसणारी. ती मी दाखवली. आजींनी उजेडापुढे धरून स्वतःचं बोट पलीकडून पाहिलं आणि जुनी डबी माझ्याकडेच ठेवून ही घेऊन टाकली. ती विकताना मला बरं वाटलं नाही. पण गिऱ्हाईक मागतं ते द्यायचं, असं मनाशी म्हणून मी ती कागदात गुंडाळली.

दीड महिन्याने आजी पुन्हा आल्या. काचेची डबी फडक्यात बांधलेली. मला वाटलं, फुटली. फुटली नव्हती. साधा तडासुद्धा नव्हता.

मी विचारलं, काही दिसलं का आजी?

"पानंच होते," त्या म्हणाल्या. एका दिवशी गवती चहा, एका दिवशी तुळस. सून बदलून बदलून करत होती, कंटाळा येऊ नये म्हणून.

मग आता काय झालं, असं मी विचारलं.

"हे काच नेली तवापासून सून चहा ठेवते न उठून चालली जाते. पयले माया जवळ बसत होती. डबी वर-खाली करत गोठी सांगत होती." त्यांनी फडकं माझ्याकडे सरकवलं. "मले झाकलेलीच दे, बापू."

मी फळीवरून स्टीलची एक डबी काढली. सवयीप्रमाणे आतली जाळी दाखवायला तिचं झाकण उचलू लागलो.

आजींनी वरून आपला तळहात ठेवला. "उघडू नको."