भिंतीविना उभी राहिलेली चौकट

मनोहर गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्याच्याशीच भांडायला निघालो होतो. चप्पल पायात, भांडण तोंडात... आणि समोरचा माणूसच नाही. महिना होत आला, ते भांडण माझ्याकडे तसंच पडून आहे.

हिंगणघाटात माझं खिळे-बिजागऱ्यांचं दुकान, शेजारी त्याचा जुन्या लाकडाचा टाल, म्हणजे वखार. नव्वदच्या दशकात कवेलूची घरं पाडून स्लॅब टाकायचं वेड आलं आणि त्या घरांचे सागवानी खांब, तुळया, दारं मनोहरकडे येऊ लागली. लाकडाला नाक लावून तो सांगे, की या घरात किती सुना नांदल्या आणि कितींचं सासूशी जमलं नाही. म्हणजे, असं मी गिऱ्हाइकांना सांगायचो. मनोहर फक्त हसायचा.

त्याचा एक नियम मात्र खरा. लाकडावर खडूनं घेणाऱ्याचं नाव लिहिलं, की ते पुसायचं नाही.

एकदा त्यानं गिरडहून एक नक्षीदार चौकट आणली, उंबरठ्यासकट. ती उतरवायला अर्धं हिंगणघाट लागलं. उरलेलं अर्धं सल्ला द्यायला उभं. नागपूरच्या एका हॉटेलवाल्यानं पाहताक्षणी घेतली. खडूनं नाव पडलं, ट्रकचा दिवस ठरला. आणि मग चौकट ज्या घरची होती, तिथल्या शांताकाकू रडत आल्या. मुलाचं लग्न जुळलं होतं, नवं घर अजून नुसत्या खांबांवर होतं.

"भाऊ, मी याच उंबरठ्यावरचं माप ओलांडून आलती. माह्या सुनेनं काय सिमेटच्या पोत्यावरून घरात यावं?"

"मंग इकली काऊन काकू?" मी म्हणालो.

"इकली तवा लगन कुठं जुळलतं?"

मनोहर दोन्हीकडून अडकला. नाव पुसता येईना, काकूंना परत पाठववेना. त्यात वरात वर्ध्याहून परतायची तीही ट्रकच्याच दिवशी. शेवटी त्यानं टालातल्या मोकळ्या जागेत ती चौकट टेकू देऊन उभी केली, तोरण बांधलं. गिरडची वरात वाटेत आमच्याकडे थांबली. मागे भिंत नाही, वर छप्पर नाही... काकू पलीकडे ओवाळणीचं ताट घेऊन उभ्या, नवरी अलीकडे. तेवढ्यात ट्रक आला आणि त्यातून हॉटेलवाला स्वतःच उतरला.

"अहो, हे काय? माल माझा आहे ना?"

"तुमचाच हाय साहेब," मनोहर म्हणाला. "जरा वापरून राह्यलो."

नवरीनं माप ओलांडलं. तांदूळ हॉटेलवाल्याच्या बुटापर्यंत गेले. वरातीसोबत जेवण झाल्यावर हॉटेलवाल्यानंच चौकटीला हात लावून ती ट्रकमध्ये चढवली.

तेव्हापासून पहार लावण्याआधी मनोहर प्रत्येक घरी विचारायचा, "घरात कोनाचं लगन राह्यलं काय?" बरीच दारं त्यापायी हातची गेली. त्या दिवशी मी भांडायला निघालो होतो, तेही यावरूनच.

परवा त्याचा मुलगा नालवाडीला एक दार घ्यायला गेला, मीही सोबत होतो. सौदा ठरला, मजुरांनी पहारी उचलल्या, आणि पोरगा म्हणाला, "थांबा. बाबाजी, घरात कोनाचं लगन राह्यलं काय?"

घरमालक म्हातारा गोंधळला. "नातू हाय न एक. सातवीत."

"मंग राहू द्या," पोरगा म्हणाला.

यात मी काहीही वाढवलेलं नाही. रिकामा टेम्पो घेऊन आम्ही परत निघालो, आणि तो आतबट्ट्याचा धंदा पाहून मला रडू आलं... मनोहर गेल्यापासून पहिल्यांदाच.