मोकळी सोडलेली सम

माझ्या बायकोच्या मामेभावाने मला जितके धक्के दिले तितके उरलेल्या सगळ्या जगाने मिळूनही दिले नसतील. मी कतारमध्ये राहतो, म्हणजे धक्के पचवायची सवय मला आहे. इथे जूनमध्ये गार पाण्याचा नळ सोडला तरी हात भाजतो, आणि समुद्रात भराव घालून वसवलेल्या पर्ल नावाच्या बेटावर आमचे पुण्याचे लोक कोथरूडमध्ये असल्याच्या थाटात भेळ शोधत फिरतात. त्याचं मला काही वाटत नाही. पण ज्या घरात तीन पिढ्या ख्याल गायला गेला, ज्या घराचा पत्ता साताऱ्यात रिक्षावाल्याला ‘बुवांकडे’ एवढाच सांगावा लागतो, त्या घरातला एकुलता एक मुलगा रेगे वाजवतो हे ऐकलं तेव्हा मी हातातली आमटीची वाटी खाली ठेवली. रेगे म्हणजे जमैका बेटावरचं, डुलत डुलत चालणारं गाणं. ही बातमी बायकोने मला लग्नानंतर सांगितली. आधी सांगितली असती तरी मी लग्न केलंच असतं, पण निदान तयारीत राहिलो असतो.

रेगेवाला म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे जटा, धूर आणि भर दुपारपर्यंतची झोप असं चित्र होतं. तोही इथेच कतारमध्ये नोकरीला. दोह्याजवळच्या अल रय्यानमधल्या त्याच्या फ्लॅटवर पहिल्यांदा राहिलो आणि पहाटेच दचकून उठलो. हा गृहस्थ आंघोळ करून, मांडी घालून, मोबाइलवर तानपुरा लावून खर्ज भरत बसलेला. केस बारीक कापलेले, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही, घशाला थंड लागू नये म्हणून मफलर, तोही दोह्यात. खर्ज आटोपला की तो गिटार घ्यायचा आणि एकच तुटक आघात घोटत बसायचा. जमैकातल्या जुन्याजाणत्या गवयांची नावं घेताना त्याचा हात आपोआप कानाच्या पाळीकडे जायचा. गुरुपौर्णिमेला त्याने स्पीकरला मोगऱ्याचा हार घातला आणि पुढे नारळ ठेवला. त्याच्या बँडमधला ड्रमवाला वसईचा, कॅथलिक, इथल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरीला. त्याने आधी क्रूसाची खूण केली, मग स्पीकरला वाकून नमस्कार केला आणि पेढा घेतला. मी कोपऱ्यात उभा राहून हे सगळं पाहिलं आणि मग मीही एक पेढा उचलला.

रेग्यात पहिल्या मात्रेवर ड्रम वाजतच नाही. ती मोकळी सोडायची आणि आघात नंतर करायचा. हे नुसतं वाजवण्यापुरतं असतं तर मी समजू शकलो असतो, पण आमचा मेहुणा जगतोही तसाच. विनोद सांगितला तर हसू पुढच्या विनोदाच्या मध्यावर येणार. माझ्या मेहुणीच्या लग्नात ‘सावधान’ झालं, सगळ्यांच्या अक्षता पडल्या, टाळ्या झाल्या, आणि फोटोग्राफर वाकून अंतरपाटाजवळ गेला तेव्हा याच्या अक्षता त्याच्या टकलावर पडल्या. दोह्याच्या रस्त्यावर मागून मोठमोठ्या गाड्या दिवे मारत अंगावर येतात, हा सिग्नल हिरवा झाल्यावर जरा थांबतो, मगच गाडी हलवतो. मागचा माणूस खिडकीतून ‘यल्ला, यल्ला’, म्हणजे चल, चल, असं ओरडला तर हा हात वर करून शुक्रन म्हणतो, म्हणजे धन्यवाद. नोकरीही याला शोभेशी मिळालेली. गॅसच्या प्रकल्पात तो सेफ्टी ऑफिसर आहे आणि घाई करू नका हेच सांगण्याचा त्याला पगार मिळतो.

बुवांना, म्हणजे त्याच्या वडिलांना, मात्र यातलं काहीच गोड वाटत नव्हतं. कुणी विचारलं तर ‘चिरंजीव आखातात इंजिनिअर आहेत’ एवढं सांगून ते विषय बदलत. सम म्हणजे तालाची पहिली मात्रा. गाणारा कुठेकुठे हिंडून तिथे येतो आणि बैठकीतल्या सगळ्यांच्या माना एकदम हलतात. ती सम जो आपणहून सोडतो त्याचं गाणं आपण ऐकणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं होतं, आणि खरोखरच एकही गाणं ऐकलं नव्हतं. बापलेक फोनवर हवापाण्याचं बोलायचे. एकदा मेहुणा मला म्हणाला, “दाजी, बाबांनी एकदा ऐकावं. शिव्या घातल्या तरी चालतील, पण ऐकून घालाव्यात.” तो हे नेहमीसारखा न रेंगाळता, अगदी वेळेवर बोलला होता, म्हणूनच मला वाईट वाटलं.

मग इथल्या मराठी मंडळाने पाडव्याला बुवांची मैफल ठेवली. मैफल रंगली, इंग्लिश शाळेतली आमची पोरंसुद्धा गप्प बसली. दुसऱ्या दिवशी समैस्माच्या किनाऱ्यावर मंडळाची सहल होती आणि तिथे मेहुण्याचा बँड वाजवणार होता. बुवा सहलीला आले, थालीपीठ खाल्लं, आणि ड्रम मांडलेले दिसताच म्हणाले, “जावईबापू, मी तुमच्या गाडीत बसतो. काचा लावा आणि एसी चालू ठेवा.” मेहुण्याने ते ऐकलं आणि मान खाली घालून गिटार जुळवू लागला. मला बुवांचा राग आला. तो गिळून मी त्यांच्या शेजारी बसलो.

काचा बंद असल्या तरी ढोल थांबत नाही. दोन गाणी बुवा समुद्राकडे पाहत बसले. तिसऱ्या गाण्यात मी सहज पाहिलं तर त्यांचा हात मांडीवर पडत होता, नेमका जिथे ड्रम गप्प होता तिथे. मी श्वाससुद्धा जपून घेऊ लागलो. जरा वेळाने त्यांनी काच खाली केली. मग दार उघडलं. ऐंशीच्या घरातले बुवा चपला गाडीत ठेवून वाळूतून चालत गेले, पुढच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले, आणि प्रत्येक मोकळ्या समेवर टाळी देऊ लागले. वसईचा ड्रमवाला बावरला, पण लय सुटली नाही. मेहुण्याने डोळे मिटून घेतले होते. एकही टाळी इकडची तिकडे पडली नाही. मला तिथे, चारचौघांत, रडू आलं.

गाणं संपल्यावर बुवांनी शिव्या घातल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, “एवढी चांगली सम मोकळी ठेवतोस ती कुणासाठी?”

मेहुणा उभाच राहिला. बुवांनी थोडं थांबून पाहिलं आणि चपला मागितल्या.

परतीच्या दिवशी आम्ही दोघं त्यांना विमानतळावर सोडायला गेलो. बुवा व्हीलचेअरवरून आत गेले, काचेचं दार बंद झालं, त्यांची पाठही दिसेनाशी झाली. मी पार्किंगकडे वळलो होतो. मागून मेहुण्याचा आवाज आला, “तुमच्यासाठी.”

मी चक्रावून मागे पाहिलं. तो दाराशी बोलत होता. मी त्याला वाट्टेल ते बोललो. माणूस समोर होता तेव्हा तोंड शिवलं होतं का, आता तरी फोन कर, असं बरंच काही. त्याने चष्मा पुसला आणि म्हणाला, “बाबांना माझी सवय माहीत आहे, दाजी. ते उत्तराची वाट बघतील.”

त्याने फोन कधी केला, केला की नाही, मला ठाऊक नाही. पण बुवांना आता डॉक्टरांनी प्रवास बंद केला आहे आणि दर शुक्रवारी बँडच्या तालमीला साताऱ्याहून त्यांचा व्हिडिओ कॉल येतो. पलंगावर उशाशी टेकून ते समेवर टाळी देतात. साताऱ्याहून दोह्याला यायला त्या टाळीला वेळ लागतो, म्हणून ती सम निघून गेल्यावर, भलत्याच जागी ऐकू येते. आयुष्यभर ज्यांची सम चुकली नाही त्या बुवांची टाळी आमच्या मेहुण्याच्या अक्षतांसारखी उशिरा पडते, आणि त्यांना हे कुणीही सांगितलेलं नाही. मेहुण्याने तालीम आणखी संथ केली आहे. प्रत्येक आवर्तनाला तो ती टाळी येईपर्यंत थांबतो, आणि ती आली की मगच पुढे वाजवतो.