पहिली जमलेली नळी

"संशोधन कशावर करतेस?" असं कुणी विचारलं की मी सरळ सांगायचे, चाळणी बनवते. वायूंची चाळणी. फोनकार्ड खरडून आईला हेच सांगितलं, तर ती म्हणाली, "अगं, तुळशीबागेत ढिगाने मिळतात की! त्यासाठी पेनसिल्व्हेनियाला कशाला गेलीस?"

माझी चाळणी दुकानात मिळत नव्हती ना, म्हणून. झिओलाइट हा अंगभर अतिशय बारीक, एकसारखी भोकं असलेला दगड. त्याचे स्फटिक बोटाएवढ्या चिनीमातीच्या नळीवर वाढवायचे, तेही एकमेकांना घट्ट चिकटून. मग आत नैसर्गिक वायू सोडला की कार्बन डायऑक्साइड भोकांतून बाहेर पडतो आणि मिथेन आतच राहतो. कागदावर फार सोपं. प्रत्यक्षात केसाएवढी चीर गेली तरी दोन्ही वायू खुशाल पळून जायचे.

आणि चीर जायचीच. स्फटिक वाढताना त्यांच्या भोकांत एक रसायन अडकून बसतं, ते भट्टीत जाळून काढावं लागतं. नळ्या तिथेच तडकायच्या. आमचे सर अमेरिकन, शांत, कधी आवाज न चढवणारे. त्यांनी शांतपणेच सांगितलं की या सेमिस्टरअखेर एक तरी नळी चालली पाहिजे. नाही तर मास्टर्स घ्यायची आणि बाहेर पडायचं. पीएचडी विसरायची. त्यापेक्षा ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

जो तो मला सांगायचा, हळू तापव. अरे, हळूच तापवत होते! पण भट्टी सगळ्या लॅबची. पुढचा माणूस ताटकळत उभा असायचा, म्हणून तापवणं संपलं की आम्ही सगळेच दार उघडून आपापला माल बाहेर काढायचो. तशी रीतच पडली होती. एकदा मी दार उघडलं आणि आतून टिक्क असा आवाज आला. मी तिथेच उभी राहिले. तापवायची एवढी काळजी घेते, आणि गार होण्याचं काय?

दुसऱ्या दिवशी भट्टीवर चिठ्ठी लावली, "पूर्ण गार झाल्याशिवाय दार उघडू नये." खाली मराठीत लिहिलं, "हात लावाल तर याद राखा." ती ओळ वाचू शकणारं तिथे कुणी नव्हतं, पण लिहून मला बरं वाटलं. शेजारच्या टेबलावरचा धिप्पाड मुलगा आपला माल घेऊन आलाच. मी दारासमोर हाताची घडी घालून उभी राहिले. "आर यू सीरियस?" "व्हेरी." गेला बिचारा.

ती नळी तडकली नाही. वायू किती येतो हे बघायला आम्ही काचेच्या उभ्या पाइपात साबणाचा फुगा सोडायचो. वायू त्याला वर ढकलतो. कार्बन डायऑक्साइड सोडल्यावर फुगा सर्रकन वर गेला. मिथेनला मात्र कसाबसा सरकत होता. मी इतक्या जोरात ओरडले की सर धावत आले. त्यांनी फुगा पाहिला, हसले आणि म्हणाले, "छान. आता फोड."

आतला थर मायक्रोस्कोपखाली बघायचा तर नळी फोडावी लागते, आणि ज्याने बनवली त्यानेच फोडायची, असा लॅबचा नियम. माझा संताप अनावर झाला. सर म्हणाले, "हवं तर ठेव. पीएचडीच्या कमिटीला दाखव, पुढे जाशील. पण ही का जमली, ते तुला कळणार नाही. एखादी नशिबानेही जमते."

घरी रूममेटने कपाळावर हात मारला. ती नागपूरची. "पागल झाली काय? ठेव न ती नळी! दुसरी नाही झाली तर?"

तेच तर. दुसरी नाही झाली तर? पण नशिबानेही जमते, हे वाक्य मला चांगलंच झोंबलं होतं. म्हणे नशीब! सकाळी नळी रुमालात गुंडाळली आणि पक्कडीने फोडली.

फोटोत स्फटिक एकमेकांत घट्ट बसलेले दिसले. पण थर एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला जेमतेम होता. स्फटिक वाढताना नळी भांड्यात तिरपी कलंडली होती, म्हणूनच. म्हणजे त्या बाजूला खरंच नशिबाने निभावलं होतं. पुढच्या वेळी मी नवी नळी ताठ उभी बसवली, आणि भट्टीचा पहारा होताच.

चाचणीला सर माझ्याशेजारी उभे होते. कार्बन डायऑक्साइडला फुगा पुन्हा सर्रकन वर गेला. मग मिथेन सोडला. फुगा जागचा हलेना. "हल ना, हल बघू!" मी त्याला मराठीतून दटावलं. ढिम्म. मला हसू आलं, आणि डोळेही भरून आले. मीच केलं होतं हे, ठरवून.

बराच वेळ बघून झाल्यावर सरांनी जरा चाचरतच विचारलं, "हीसुद्धा फोडशील?"

मी रुमाल काढला. "खुशाल," मी म्हटलं. "आता मला बनवता येते."