साडूचं सहा नंबरचं कार्ड

आता तुमच्यापासून काय लपवायचं? मी जळका माणूस आहे. शेजारच्या वाडीत चिकू जास्त लागला की मला जेवण जात नाही, आणि साडूच्या बाबतीत तर विचारूच नका. बायको म्हणायची, तुमचा हा स्वभाव एक दिवस तुम्हाला बुडवणार. बुडवलं. कसं ते सांगतो, पण हसायचं असेल तर शेवटी एकदाच हसा. मधे मधे हसलात की मी विसरतो कुठे होतो ते.

आमच्या आगर गावातल्या चिकूच्या वाडीला लागून एका पारशी शेठची वाडी होती. म्हातारा एकटा, भला माणूस. वाडी विकून मुंबईला लेकीकडे निघाला तेव्हा त्याने मला हाक मारली आणि चॉकलेटचा एक पत्र्याचा डबा हातात ठेवला. "दिलीप डिकरा, आ तू राख." आत बघतो तर त्याच्या भावाने अमेरिकेहून पाठवलेली बेसबॉलवाल्यांची कार्डं. पत्त्यापेक्षा थोडी मोठी, पुढे खेळाडूचं रंगीत चित्र, मागे बारीक अक्षरात त्याची कुंडली. साठ वर्षांपूर्वी तिकडे च्युइंगगमच्या पाकिटात मिळायची म्हणे.

मला त्या खेळातलं ओ का ठो कळत नाही. हातात मुसळासारखी बॅट आणि पायात गुडघ्यापर्यंत मोजे, एवढंच आपलं ज्ञान. पण दुपारी डबा उघडून बघत बसायला बरं वाटायचं. हळूहळू मी मुंबईच्या जुन्या बाजारातून आणखी चार-सहा मिळवली. अख्ख्या डहाणू तालुक्यात असला छंद माझा एकट्याचा, ह्याची मला ऐट होती. खोटं कशाला बोलू?

आणि एवढी ऐट असूनही मी तो डबा साडूला दाखवला.

साडू म्हणजे जयवंतराव, बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. तलासरीला हार्डवेअरचं दुकान. माणूस वाईट नाही, पण मी जे करीन ते त्याला माझ्यापेक्षा मोठं करून दाखवायचं असतं. मी स्कूटर घेतली, त्याने मोटार घेतली. मी घराला रंग काढला, त्याने घरच पाडून नवं बांधलं. वर मुलगा अमेरिकेत. डबा बघून गेला आणि थोड्याच दिवसांत ह्याच्याकडेही कार्डं यायला लागली. छंद माझा, आणि मिरवणार कोण, तर हा!

नोटबंदीच्या आदल्या वर्षी दिवाळीला आम्ही दोघे जावई सासऱ्यांकडे जेवायला होतो. जेवणं झाली, आणि जयवंतरावांनी पिशवीतून एक वस्तू काढून सासऱ्यांच्या हातात ठेवली. जाड पारदर्शक प्लास्टिकची पेटी, चारी बाजूंनी बंद, आत मधोमध एक कार्ड. वर लेबल आणि लेबलावर मोठा आकडा, सहा. कार्ड कुठलं, तर माझ्या डब्यात जे सगळ्यात आवडतं होतं, नेमकं तेच.

"हे काय?" मी विचारलं.

"ग्रेडिंग केलेलं आहे. तिकडे कंपन्या असतात. कार्ड पाठवायचं, ते भिंगातून तपासतात, नंबर देतात आणि असं बंद करून परत करतात."

"सहा नंबर?" मला हसूच आलं. "आमच्याकडे सहा नंबरचा चिकू चिप्सला जातो, जयवंतराव."

"तिकडे उलटं असतं, दिलीपराव. दहा सगळ्यात वर."

सगळे हसले. सासरेसुद्धा हसले, जे माझ्या कुठल्याही विनोदाला आजवर हसलेले नाहीत. मग ती पेटी हातोहात फिरली. सासूबाईंनी तर पदराला हात पुसून ती घेतली. माझं कार्ड ह्याच घरात मी एकदा आणलं होतं तेव्हा त्या त्याच्यावर चहाची बशी ठेवता ठेवता राहिल्या होत्या.

"तुमच्याकडे आहे ना हेच?" जयवंतराव म्हणाले. "पण ते आपलं तसंच."

तसंच. घरी येईपर्यंत तो शब्द माझ्या डोक्यात फिरत होता. बायकोने विचारलं, अहो, पोटात दुखतंय का? मी म्हटलं, हो.

पुढे थंडीत जयवंतराव आगरला आले. म्हणाले, तुमचं ते कार्ड बघू जरा. खिडकीशी घेऊन गेले, खिशातून भिंग काढलं आणि बघत बसले. चहा गार झाला तरी बघतायत. मी म्हटलं, काय हो? तर म्हणतात, "डावीकडची किनार जरा रुंद आहे, नाही?" चहा अर्धा टाकून उठले, आणि फाटकातून वळून म्हणाले, "जपून ठेवा हो."

म्हणजे बघा. माझ्या घरी येऊन, माझ्या मालाला नाव ठेवून, वर मलाच टोमणा. त्याच क्षणी ठरवलं, माझं कार्ड अमेरिकेला जाणार आणि ह्याच्यापेक्षा वरचा नंबर आणणार. ग्रेडिंगला कार्ड कसं द्यायचं हे त्यांना विचारता आलं असतं, पण साडूला विचारायचं? त्यापेक्षा खाडीत उडी मारलेली बरी. आणि ग्रेडिंग काय मला नवीन आहे? जन्म गेला चिकू निवडण्यात. चिकू उतरवला की आधी धुवायचा. अंगावरची तपकिरी भुकटी गेली की तो चकचकतो, मग निवड. न धुतलेला माल कोणी पेटीत भरतं का? चिकूचा न्याय तोच कार्डाला.

ओलं फडकं घेतलं आणि पुसायला लागलो.

"अहो, कागद आहे तो," बायको म्हणाली.

"तुला ग्रेडिंगमधलं काय कळतं?"

एक कोपरा फुगला. फुगला तर फुगला, इस्त्री कशाला आहे? वर हातरुमाल ठेवून फिरवली. कोपरा बसला, रंग थोडा उतरला, पण मला तो उजळल्यासारखा वाटला. मत्सराने डोळे जातात म्हणतात, माझे तेव्हा पुरते गेलेले होते.

राहिली किनार. डहाणू रोडला स्टेशनजवळ झेरॉक्सचं दुकान आहे, त्याच्याकडे कागद कापायचं यंत्र. कार्ड घेऊन गेलो.

"डावीकडून जरासं काढ," मी म्हटलं.

त्याने काढलं. आता उजवी बाजू रुंद दिसायला लागली. म्हटलं, इकडूनही काढ. तर खालची बाजू जाड. न्हावी कल्ले सारखे करायला लागला की कसं होतं, तुम्हाला माहीत आहे. शेवटी तोच घाबरला.

"काका, आता काढलं तर ह्या माणसाचं कोपर जाईल."

"जाऊ दे. किनार सारखी पाहिजे."

गेलं कोपर. पण किनार चारी बाजूंनी अशी सारखी झाली की मला भरून आलं. मग त्याने विचारलं, लॅमिनेशन करून देऊ का, पाणीबिणी लागणार नाही. आपण आधार कार्ड करतो, सातबारा करतो, मुलीचं दहावीचं सर्टिफिकेट करतो, आणि साठ वर्षांच्या वस्तूला नको? म्हटलं, कर. गरम यंत्रातून कार्ड बाहेर आलं तेव्हा असं चमकत होतं की साडूचं कार्ड त्याच्यापुढे शिळं वाटावं.

आता अमेरिकेला पाठवायचं तर वाट साडूच्याच घरातून जाते, मुलगा त्यांचा. तेवढा अपमान गिळायचं ठरवलं. चैत्रात महालक्ष्मीच्या यात्रेला आम्ही सगळे विवळवेढ्याला जमतो. दर्शन झालं, बायका बांगड्यांकडे वळल्या, आणि मी कार्ड काढणार तोच जयवंतरावांनी मला दंडाला धरून सुक्या मासळीच्या दुकानांमागे नेलं. चेहरा पडलेला.

"दिलीपराव, एक मागायचं होतं. नाही म्हणू नका."

पिशवीतून तीन पेट्या काढल्या. तिन्ही ग्रेडवाली, त्यात ते सहा नंबरचंही.

"ही सगळी तुमची. मला फक्त तुमचं ते एक द्या."

"का?"

"का काय विचारता? कोपरे बघितलेत त्याचे? साठ वर्षं कोणाचा हात लागलेला नाही त्याला. किनार तेवढी रुंद आहे, तरी आठ कुठे गेले नाहीत. त्या दिवशी तुमच्या खिडकीत बघितलं ना, तेव्हापासून मला झोप नाही. हिला विचारा. सारखं वाटतं, हे दिलीपरावांकडे का आणि माझ्याकडे का नाही."

मंडळी, काय सांगू? जयवंतराव, मोटारवाले, बंगलेवाले, माझ्यावर जळत होते. महालक्ष्मीने ह्या जन्मात आणखी काही दिलं नसतं तरी माझी तक्रार नव्हती. छाती अशी फुगली की शर्टाचं बटण ताणलं.

"आठ कसले?" मी म्हटलं. "आता दहा समजा." आणि खिशातून कार्ड काढून त्यांच्या हातावर ठेवलं.

त्यांनी ते उलटं केलं, सुलटं केलं, वाकवून बघितलं.

"हे लहान कसं झालं?"

"किनार सारखी करून घेतली. तुम्हीच म्हणाला होतात."

"कापलंत?"

"आधी धुतलं."

जयवंतराव मागे न बघता मटकन खाली बसले. मासळीवाली ओरडली, ओ शेठ, बोंबलांवर बसलात. त्यांना ऐकूच गेलं नाही.

"कापलेल्या कार्डाला नंबर देत नाहीत हो," ते हळूच म्हणाले. "एकसुद्धा देत नाहीत."

बऱ्याच वेळाने उठले, मागचे बोंबील झटकले आणि ती सहा नंबरची पेटी माझ्या हातात ठेवली. फुकट. वर पाठीवर हात फिरवला. "राहू द्या तुम्हाला," म्हणाले, आणि त्या आवाजात नुसती दया होती.

तेव्हापासून माझ्याशी फार प्रेमाने वागतात. मागे मी मोटार घेतली, तर पेढे घेऊन आले आणि वर स्वतः काही नवं घेतलं नाही. आता त्यांना रात्री शांत झोप लागते म्हणे.

आणि मी? आयुष्यभर लोकांवर जळलो, माझ्यावर जळणारा एकच माणूस मिळाला, तोही महिनोन्‌महिने माझ्यावर मनापासून जळत होता. ते सुख मला किती वेळ मिळालं, तर खिशातून कार्ड काढेपर्यंत.