थांब, क्रियापद येऊ दे

"थांब रे, क्रियापद येऊ दे!" असं म्हणून ताई माझा माउसवरचा हात बाजूला सारायच्या. खोपटच्या एसटी डेपोमागे आमचं पुस्तकांची पानं लावायचं ऑफिस. त्या पानं लावायच्या, मी प्रूफं वाचायचो. प्रकरणाचे सुरुवातीचे शब्द ठळक करतात, ते तुम्हीही पाहिलं असेलच. ताई कुठे दोन शब्द ठळक करायच्या, कुठे पाच. आधी वाचायच्या, अर्थ कुठे पुरा होतो ते बघायच्या, मग ठरवायच्या. तोवर चहा गार व्हायचा आणि डाफरायच्या माझ्यावर, "सांगायचं नाही का रे?"

मालकांना हा सगळा टाइमपास वाटायचा. एकदा त्यांनी सॉफ्टवेअरला नियमच लावून दिला. कुठलंही प्रकरण असो, पहिले तीन शब्द आपोआप ठळक.

"बघा ताई, एका क्लिकमध्ये अख्खं पुस्तक! एकसारखं दिसतंय ना?"

"दिसतंय. पण त्याला मोजता येतं हो, वाचता कुठे येतं?"

तेव्हा मोहने गावच्या एका आजींचं आत्मकथन हातात होतं. सासरच्यांनी त्यांना हाकललं, मूल ठेवून घेतलं आणि वर गावभर सांगितलं, हिनेच टाकलं. तो डाग पुसायलाच आजींनी पुस्तक लिहिलं. पहिलंच वाक्य होतं, "मी मुलाला टाकलं नाही." ताईंनी चारही शब्द ठळक केले होते. त्या सुट्टीवर असताना मालकांनी या पुस्तकावरही तोच तीन शब्दांचा नियम चालवला. शेवटचं प्रूफ माझ्याकडे आलं. मला चूक दिसली. "चल रे, उशीर होतोय," मालक म्हणाले आणि मी शेपूट घातली. आजही स्वतःचा संताप येतो.

पुस्तक छापून आलं. काळंभोर "मी मुलाला टाकलं" आणि पुढे बिचारं बारीक "नाही".

ताई कडाडल्या, "अहो, त्या बाईला पुन्हा तेच बोललात तुम्ही!"

"शब्द आहे ना तिथे? वाचणारा वाचेल," मालक म्हणाले. काय हा निर्लज्जपणा!

ताईंनी टेबलावरचं काळं पेन उचललं आणि तडक मोहने गाठलं. आजींच्या ओटीवर बसून त्यांनी तिथे पोचलेल्या एकेका प्रतीतलं "नाही" गिरवून ठळक केलं. ऑफिसात त्या परत आल्याच नाहीत.

गेल्या वर्षी ताई वारल्या. मालकांचा नियम अजून तसाच चालू आहे. आजींनी दिलेली एक प्रत माझ्याकडे आहे. त्यातलं "नाही" ताईंनी इतकं दाबून गिरवलंय, की पान उलटलं तरी मागे उमटलेलं दिसतं. तेवढं एक "नाही" मला मालकांना म्हणता आलं नाही.